फोटोत सोडलेली जागा

पाऊस गेला हे आम्हाला खांदा कॉलनीत कॅलेंडर बघून कळत नाही, गच्च्या बघून कळतं. एक दिवस सकाळी उठून पाहावं तर समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर गाद्या, आमच्या गच्चीवर गाद्या, पाण्याच्या टाकीवर कुणाची तरी रजई. चार महिने पलंगाखाली आणि माळ्यावर दमट होऊन बसलेलं सगळं बाहेर येतं. उशा, गोधड्या, डाळी, चामड्याच्या चपला, मुलांची दप्तरं. बायका काठीने गाद्या बडवतात तेव्हा वाटतं, मनातल्या मनात कुणाचं तरी नाव घेत असणार. ऊन असं की टाळू भाजते. कळंबोलीच्या बाजूने ट्रकांची धूळ येते आणि धुऊन टाकलेल्या चादरींवर बसते, पण या दिवसांत तिची कुणी पर्वा करत नाही.

"मने, तुझी गादी राहिली गं! ऊन काय तुझ्यासाठी थांबून राहणार आहे का?" आई गच्चीवरून ओरडते. मी ओ देत नाही. ऑक्टोबर आला की हिचं डोकं फिरतं, असं ती शेजारणीला सांगते, आणि माझ्यासमोरच सांगते. खोटं नाही ते. तापलेल्या कापसाचा वास आला की मला बाजारपेठेतल्या उस्मानचाचांची पडवी आठवते, आणि मग हातातलं काम तसंच राहतं.

उस्मानचाचा म्हणजे फोटोवाले. जुन्या पनवेलात, बाजारपेठेच्या आतल्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ, स्टुडिओच्या मागे घर आणि घराच्या मागे पडवी. मी त्यांच्यावर एक डॉक्युमेंटरी केली. तशी मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारी बाई. हळद, मेंदी, सप्तपदी, निकाह, वरून ड्रोनने घेतलेला हॉल आणि त्यावर चढवलेलं गाणं. रडणारी आई जरा जास्त वेळ ठेवायची, जेवणाची रांग कापायची. पोट त्यावर चालतं. पण माझं स्वतःचं म्हणावं असं काही केलं असेल तर ती ही एवढीच फिल्म. सुट्टीच्या दिवशी, एकटीने, लग्नाच्याच कॅमेऱ्यावर केलेली.

लोक गाद्या वाळवतात तसे चाचा या दिवसांत निगेटिव्ह वाळवतात. पनवेलचा पावसाळा म्हणजे निगेटिव्हांचा काळ. कितीही जपा, बटर पेपरात घाला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत झाकणं घट्ट लावून ठेवा, बुरशी आत शिरतेच. बारीक पांढरं जाळं धरते आणि सुरुवात नेमकी चेहऱ्यापासून करते. म्हणून पाऊस थांबला की चाचा पडवीत बाज टाकतात, वर धुतलेली पांढरी चादर, आणि एकेक डबा उघडतात. उन्हात नाही हं, सावलीत. उन्हाने फिल्म वळते. मऊ कापसाने एकेक पुसायची, उजेडाकडे धरून बघायची, पुन्हा चादरीवर. सगळ्या पडवीला आंबूस वास सुटलेला असतो. काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची माणसं ओळीने पडलेली असतात. "सारी जिंदगी या बुरशीशी भांडण्यात गेली माझी," चाचा म्हणायचे, आणि बिल्किसचाची आतून म्हणायच्या, "आणि माझी तुमच्याशी."

मी पहिल्यांदा त्या पडवीत गेले ते बाबा गेल्यानंतर. बाबा दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात गेले. आमच्या घरात आम्हा तिघांचा एकच जुना फोटो होता, त्याला ओल लागून बाबांच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत डाग पडला होता. तो घेऊन मी चाचांकडे गेले, नवीन करून द्या म्हणून. त्यांनी फोटो उलटसुलट करून पाहिला. म्हणाले, "काम माझंच आहे. निगेटिव्ह असेल. पाऊस संपू दे, डबे उघडेन तेव्हा ये."

त्या फोटोबद्दल आधी सांगायला हवं. फोटोत बाबा मध्ये खुर्चीवर बसलेत, एका बाजूला आई उभी आहे, दुसऱ्या बाजूला मी. मी बालवाडीत असेन. दोन वेण्या, नवा फ्रॉक, आणि माझा हात बाबांच्या खांद्यावर. बाबा मस्कतला फिटर होते. माझं सगळं लहानपण ते तिकडेच होते. सुट्टीला यायचे ते पाहुण्यासारखे, आणि कायमचे आले तेव्हाही घरात पाहुण्यासारखेच वावरले. पाण्याचा ग्लास घेण्याआधी आईकडे बघायचे. पण तो फोटो काढला तो दिवस मात्र माझा होता. तो मला लख्ख आठवायचा. बाबांचा खांदा किती मऊ लागला होता, त्यांच्या शर्टाला मोगऱ्याच्या अत्तराचा वास येत होता, आणि मी त्या वासासाठी पुन्हा पुन्हा वाकून नाक लावत होते. शाळेत मी हे सगळ्यांना सांगायची. आमचे बाबा अत्तर लावतात म्हणून.

ऑक्टोबरात गेले तर चाचांनी दोन निगेटिव्ह काढून ठेवल्या होत्या. "कुठली देऊ बेटी? भरलेली का मोकळी?"

मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी दुसरी उजेडाकडे धरली. तिच्यात आई होती, मी होते, आणि मध्ये बाबा नव्हते. खुर्चीवर एक लोड उभा केलेला होता, बैठकीवर टेकायला असतो तसा गोल लोड. माझा हात त्या लोडावर होता.

"तो मस्कतला होता ना तेव्हा," चाचा सहज म्हणाले. "त्याची तसवीर तिकडून आली, मग मी बसवला."

मी तिथेच बाजेच्या कडेला बसले. मला रडू यायला हवं होतं पण आधी आला तो राग. कुणीतरी घरात शिरून माझी एकुलती एक वस्तू उचलून नेली, आणि वर हसून दाखवतंय, असं वाटलं. मी फणकाऱ्याने म्हटलं, "पण मला वास आठवतोय, चाचा! त्यांच्या शर्टाचा!"

तेव्हा बिल्किसचाची आतून लोड घेऊन आल्या. तोच. खोळ बदलली असेल, कापूस पिंजून घेतला असेल, पण लोड तोच. माझ्या मांडीवर ठेवून म्हणाल्या, "घे. वास घे."

मोगराच होता. चाची सांगायला लागल्या, पोरं त्या लोडाला हात लावायला तयार व्हायची नाहीत. बापाच्या जागी हे काय ठेवलंय म्हणून भोकाड पसरायची. मग त्यांनी खोळीला अत्तर लावायला सुरुवात केली. "वास आला की पोर आपोआप लाडाने टेकतं गं. हात नीट पडतो. हे तुझे चाचा फोटोग्राफर मोठे, पण त्यांना एवढं कुठं सुचायला?" चाचांनी मान हलवली. खरं आहे म्हणाले.

घरी येऊन मी आईला धारेवर धरलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला माहीत होतं की. तिथेच उभी होते ना मी. तू सगळ्या गावाला सांगत सुटायचीस, बाबांचा शर्ट असा, बाबांचा वास तसा. कशाला मोडायचं तुझं?"

त्या रात्री ठरवलं, यावर फिल्म करायची. पुढच्या ऑक्टोबरात, डबे उघडतील तेव्हा.

त्या काळी पनवेल-उरणच्या बाजूला घरटी एखादा तरी माणूस आखातात नाहीतर बोटीवर. बायकोला भिंतीवर लावायला सगळ्या कुटुंबाचा एक फोटो हवा असायचा, आणि त्यालाही तिकडच्या खोलीत पलंगाशेजारी चिकटवायला तसाच एक. सगळे एकत्र यायचे कधी? मग चाचा जागा सोडून फोटो काढायचे. इथल्यांना उभं करायचं, मधली जागा मोकळी, पोराचा हात खांद्यावर हवा असेल तर तिथे लोड, आणि तिकडच्याला निरोप धाडायचा: अमक्या अंगाने उभा राहा, उजेड डाव्या हाताने येऊ दे. त्याचा फोटो सुट्टीवर येणाऱ्या कुणाबरोबर तरी यायचा. मग चाचा तो कापायचे, मागून पॉलिश पेपरने कड घासून पातळ करायचे, जागेवर चिकटवायचे, सांध्यावरून ब्रश फिरवायचे, आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचे. झालं कुटुंब.

कात्रीचं काम कुणीही शिकेल, असं चाचा कॅमेऱ्यासमोर म्हणाले; अवघड काम जागा सोडण्याचं. जास्त सोडली तर नवराबायकोचं भांडण झाल्यासारखं दिसतं. कमी सोडली तर माणूस मावत नाही. कारण परदेशी गेलेला माणूस एकतर फुगतो नाहीतर सुकतो, गेला तसा राहत नाही. पळस्प्याच्या बाजूची एक बाई होती, तिचा नवरा बोटीवर. त्याचा फोटो आला तो बघून तिने चाचांना परत दिला. चाची तिची नक्कल करून दाखवायच्या, पदर खोचून, कमरेवर हात ठेवून: "यो आमचा मानूस नाय! आमचा येवढा जाडा नाय हाय. दुसऱ्या कोनाचा आला असंल, बघा!" चाचांनी त्याला कसाबसा बसवला, पण तेव्हापासून ते प्रत्येकाला बोटभर जागा जास्तीची सोडायला लागले. सगळ्यांना. न विचारता.

शूटिंग करताना चाचा कॅमेऱ्यासमोर नुसते ताठ बसायचे. दोन्ही कान दिसतील असे. चाची हसून हसून लोळायच्या. "पासपोर्ट काढताहेत का हो तुमचा?" मग चाचांनाही हसू यायचं आणि मग बोलायला लागायचे. फिल्ममध्ये चाचांनी काही चांगलं सांगितलंय ना, तिथे प्रत्येक वेळी आधी चाचींचा आवाज आहे. मी एडिटिंगला बसले तेव्हा मला ते कळलं. चाची मात्र फ्रेममध्ये यायला तयार नसायच्या. त्यांचा एकही फोटो दुकानाच्या शोकेसमध्ये नव्हता; गल्लीतल्या बायाबापड्यांचेही चाचांनी कधी लावले नाहीत, त्यांच्या घरच्यांना आवडायचं नाही म्हणून.

चाचींचा एक फोटो होता, तो त्यांच्या आतल्या खोलीत. डाव्या बाजूला चाची, डोक्यावर ओढणी, उजव्या बाजूला चाचा, आणि मध्ये काहीच नाही. मागचा पडदा दिसतो नुसता. ती जागा इरफानची. इरफान त्यांचा एकुलता एक. आधी आखातात गेला, तिथून इंग्लंडला. तिथे त्याचे कागद पक्के नव्हते. एकदा बाहेर पडला असता तर परत आत घेतला नसता. म्हणून तो आलाच नाही. रोज व्हिडिओवर दिसायचा, बोलायचा, अम्मीला औषधं घेतलीस का विचारायचा, पण आला नाही. तो गेल्या गेल्या चाचांनी हा फोटो काढला होता, जागा सोडून. आणि साऱ्या पनवेलच्या जागा भरून देणाऱ्या माणसाने ही एक भरली नव्हती.

मागच्या ऑक्टोबरात त्या फोटोवरून दोघांचं रोज वाजायचं. चाचींच्या किडन्या थकल्या होत्या. डायलिसिसहून आल्या की पडून राहायचं सोडून त्या पडवीत येऊन बसायच्या, पाठीला तो लोड, हातात कापूस, आणि निगेटिव्ह पुसता पुसता सुरू करायच्या.

"इरफानचे अब्बा, साऱ्या दुनियेचे नवरे आणून उभे केलेत. माझा एक पोरगा उभा करता येत नाय?"

"येतोय ना तो. कागद झाले म्हणतोय. दिवाळीच्या आसपास येईल. येऊन उभा राहील, मी नवी तसवीर काढेन, तिघांची. चिकटवलेली कशाला पाहिजे?"

"पाच मिनिटांचं काम आहे तुमचं. मोबाइलमध्ये त्याचे ढीगभर फोटो आहेत."

"एवढी थांबलीस बिल्किस, आता थोडं सब्र कर."

"आणि मी नसले तर?"

"तोबा! काय पण तोंडाला येतं हिच्या."

मग चाची माझ्याकडे वळायच्या. "घे, हे पण घे तुझ्या पिक्चरमध्ये. लोकांना दिसू दे किती हट्टी आहे हा माणूस."

मी एकदा चाचांना विचारलं, चाची स्वयंपाकघरात असताना. का करत नाही? एवढं मागतायत. चाचांनी हातातली निगेटिव्ह चादरीवर ठेवली. म्हणाले, "मी किती घरं भरून दिली, बेटी. तसवीर भिंतीवर लागली की घर शांत व्हायचं. पोरं अब्बा कुठे विचारायची थांबायची. बायका दरवाजाकडे बघायच्या थांबायच्या. मग तिकडचा पण सावकाश व्हायचा. ये म्हणून मागे लागणारं कोण उरलं? मला माझं घर शांत नाय करायचं. ती जागा डोळ्यांत खुपली पाहिजे. तिला पण, त्याला पण."

हे वाक्य फिल्ममध्ये आहे. पनवेलला एका छोट्या हॉलमध्ये फिल्म दाखवली तेव्हा लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या ऐकवल्या नाहीत. चाचा पहिल्या रांगेत बसले होते, ते जमिनीकडे बघत होते. मला त्यांचं म्हणणं पटतही होतं आणि त्यांचा रागही येत होता. आमच्या घरी भरलेला फोटो होता म्हणून मी बाबांची वाट बघायची थांबले होते का? असेन. पण त्या फोटोच्या आधारानेच मी शाळेत मान वर करून फिरले, हेही खरं. मोकळा फोटो भिंतीवर असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. चाचांच्या बाजूने बोलू की चाचींच्या, मला आजही कळत नाही. पण तेव्हा त्या बाजेवर बसलेल्या बाईला फोटो हवा होता. जिवंतपणी बघायला हवा होता. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

त्याच ऑक्टोबरात एका सकाळी मी कुणाची तरी वरात कापत होते. फोन आला. चाची झोपेतच गेल्या होत्या.

इरफान मिळेल त्या विमानाने निघाला. पण मयत थांबवून ठेवत नाहीत. त्याच दिवशी दफन झालं. तो दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. मुंबईच्या विमानतळावर उतरून टॅक्सीने येत होता तर कळंबोलीच्या सर्कलला ट्रकांमध्ये अडकला. तिथून त्याने चाचांना फोन केला, "अब्बा, इथेच आहे, समोर पनवेलचा बोर्ड दिसतोय." जसा काही आता उशीर व्हायचा राहिला होता.

टॅक्सीतून उतरला तो एक टक्कल पडलेला, चष्मा लावलेला, रुंद माणूस. मी व्हिडिओवर त्याचा चेहरा पाहिला होता, पण चेहऱ्याखाली एवढा माणूस असेल असं वाटलं नव्हतं. तो सरळ घरात न जाता स्टुडिओच्या दारात थांबला. आपल्या अम्मीचा फोटो शोकेसमध्ये शोधत होता. त्याला माहीत होतं तिथे नसणार, तरी शोधत होता.

तीन दिवस घरात लोक होते. लोक गेल्यावर चाचांनी स्टुडिओचे दिवे लावले आणि त्याला म्हणाले, "चल, उभा राहा." मी तिथे होते. माझा कॅमेरा बॅगेत होता, तो मी बाहेर काढला नाही. म्हणून पुढचं काही फिल्ममध्ये नाही.

चाचांनी त्याचा फोटो काढला, जुन्या फोटोच्या मापात छापून आणला. मी म्हटलं, द्या चाचा, मी कॉम्प्युटरवर जोडून देते, सांधाही दिसणार नाही. ऐकलं नाहीत. कात्री घेतली. इरफानला कडेकडेने कापून काढलं, घासलं, आणि आतल्या खोलीतला फोटो काढून त्या मधल्या जागेवर ठेवलं.

मावला नाही.

त्यांनी थोडं डावीकडे सरकवलं, थोडं उजवीकडे. पुन्हा ठेवलं. मी समजले. गावातल्या प्रत्येकाला बोटभर जास्तीची जागा सोडणाऱ्या माणसाने आपल्या पोराला ती सोडली नव्हती. तो सडपातळ पोरगा गेला तसाच परत येईल, लवकरच येईल, असं धरून चालले होते. त्याच्याच मापाची जागा सोडली होती.

इरफान शेजारी उभा होता. हसत बोलायचा प्रयत्न केला त्याने. "कापा ना अब्बा मला. पोट कापा. खांदे कापा."

"तुला कापला तर तू कसला?"

"मग अम्मीच्या ओढणीवरून येऊ दे थोडा."

"अम्मीवर नाय चढायचं," चाचा म्हणाले. कात्री खाली ठेवली. मग एकदम उठले. आत जाऊन स्टूल आणलं, त्यावर तो लोड उभा केला, पडद्यासमोर. "इथे ये. याच्या मागे. लोड म्हणजे अम्मी. अर्धं अंग तिच्या आड घे."

तो एवढा मोठा माणूस त्या लोडामागे जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावा कळेना त्याला. चाचा म्हणाले, खांद्यावर ठेव. त्याने लोडावर हात ठेवला. मग थांबला. मान खाली गेली, नाक खोळीला लागलं, आणि तो दोन्ही हातांनी त्या लोडाला धरून रडायला लागला. नुसते खांदे हलत होते. मी दाराशी उभी होते. मला माहीत होतं त्याला कशाचा वास येतोय.

चाचा कॅमेऱ्यामागे उभे राहिले. घाई केली नाही. किती तरी पोरांसाठी ते असे थांबले असतील. मग हळूच म्हणाले, "वर बघ बेटा. उजेड डाव्या हाताला."

या वेळी तो बसला. चाचींच्या ओढणीच्या कडेने चाचांनी त्याला कापला, म्हणजे तो अम्मीच्या मागून डोकावल्यासारखा झाला; पाहुणे आले की पोर आईच्या आड उभं राहतं तसा. दुसऱ्या बाजूला तरी जागा कमी पडत होती, तिथे चाचांनी फोटोतला स्वतःचा खांदा कापला. सांध्यावरून ब्रश फिरवला. भिंगातून बघितलं. सगळं ठीक झाल्यावर फोटो हातात धरून, आमच्याकडे नाही, फोटोतल्या बाईकडे बघून म्हणाले, "पाच मिनिटांचंच काम होतं, बिल्किस."

इरफान राहता आलं तोवर राहिला, मग परत गेला. जावंच लागणार होतं. हॉलमध्ये फिल्म दाखवली त्या दिवशी एकाने उठून विचारलं, "शेवटी मुलगा आला का हो?" माझ्याआधी चाचाच बोलले. "आला," म्हणाले.

आणि आता पुन्हा ऑक्टोबर. परवा आईच्या गाद्यांकडे पाठ करून मी बाजारपेठेत गेले. पडवीत बाज टाकलेली होती, चादर होती, डबे उघडे होते. चाचा एकटेच पुसत होते. मी चाचींच्या जागेवर बसले आणि कापूस घेतला. आता विमानं पनवेलच्या डोक्यावरून जातात. विमानतळ होणार होणार म्हणता झाला एकदाचा. एक विमान गेलं तेव्हा चाचांनी हात थांबवला, वर बघितलं, आवाज पूर्ण जाईपर्यंत बघितलं, आणि पुन्हा पुसायला लागले. फारसं बोललो नाही आम्ही. त्यांचं बोलणं सुरू करून देणारं तिथे कुणी नव्हतं. एका निगेटिव्हवर चेहऱ्याशी जाळं धरलं होतं, ते त्यांनी फुंकर घालून, ओल्या कापसाने, पुन्हा कोरड्या कापसाने इतकं हळू काढलं की मला मध्येच उठून पाणी प्यायला आत जावं लागलं.

आतल्या खोलीत भिंतीवर तो फोटो आहे, तिघांचा. खाली पलंगावर लोड. मी उचलला. हाताला गार लागला, पावसाळाभर तसाच पडून असणार. नाकाशी नेला तर मोगरा होता, अगदी थोडा, आणि त्याच्यावर कोंदट ओलीचा वास चढत होता. मी तो घेऊन पडवीत आले. अंगणात ऊन पडलं होतं, छान कडक.

"चाचा, याला ऊन दाखवते."

"नको," ते म्हणाले. "ठेव जागेवर. उन्हाने वास जातो."

"अहो पण दमट झालाय पार. बुरशी धरेल."

ते एक निगेटिव्ह उजेडाकडे धरून पुसत होते. मागे वळले नाहीत.

"धरू दे," म्हणाले.